ठिबकच्या अनुदानासाठी लागणारे पैसे

ठिबकला ८० टक्के अनुदान आहे, हे आमच्या जालना जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. अल्पभूधारक असाल, म्हणजे दोन हेक्टरच्या आत, तर ८०. त्याच्या वर ७५. यातले ५५ टक्के (मोठ्या शेतकऱ्याला ४५) केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून येतात आणि वरचे २५ किंवा ३० राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून घालतं. हे सगळं पोस्टरवर असतं. ते ८० टक्के मिळवायला आधी काय काय असावं लागतं आणि ते कोणाकडे असतं, हे मला अर्ज करताना कळत गेलं.

आमची जमीन तीन एकर. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर. ती मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर होती आणि मामा २०२१ साली गेले. नवरा जालन्याला एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात. शेत बघतो मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पूर्वी मोसंबी होती, ती २०१२ च्या दुष्काळात वाळली आणि मामांनी पुन्हा लावली नाही. आता कपाशी, तूर, थोडी ज्वारी. कपाशीच्या दोन एकरांवर ठिबक करायचं, एवढीच आमची इच्छा होती.

अर्ज करायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, शेतकरी कोण? मामा तर गेले होते. म्हणजे आधी वारस नोंद. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि शपथपत्र. मग फेरफार धरायचा, हरकतीची नोटीस लागायची, मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. कागदोपत्री हे काम महिन्याभराचं आहे. आमचं लांबलं, कारण मधे गावात तलाठीच नव्हता. शेजारच्या सज्जाचा तलाठी अतिरिक्त कारभार बघायचा आणि तो कधी येणार हे फक्त कोतवालाला माहीत असायचं.

वारस चार. आत्या, माझा नवरा, भाऊजी आणि नणंद. इथे गावातल्या जाणत्या माणसांनी सल्ला दिला, "आधी ताईची हक्कसोड करून घ्या, नंतर लई ताप होतो." ताईचं लग्न होऊन पंधरा वर्षं झालीत, ती सिंदखेडराजाकडे असते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की विषय संपतो, सगळेच असं करतात. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिचा बी बाप मेलाय. लागू द्या तिचं नाव." लागलं.

मला त्याचा अभिमान आहे, पण जाणत्या माणसांचं म्हणणं खोटं नव्हतं. सामाईक खातं असलं की कुठल्याही योजनेला बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. बॉन्ड (तेव्हा शंभराचा), सगळ्यांच्या सह्या, आधारच्या प्रती. ताईला दर वेळी एसटीने यावं लागतं. एका दिवसाची मजुरी बुडते, वर तिकडच्या लोकांचं ऐकावं लागतं ते वेगळंच. बहिणींचे हक्कसोड लालचीपणातून होतात असं आपण म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण निम्मे तरी या सह्यांच्या कंटाळ्याने होत असतील. एक नाव कमी म्हणजे एक सही कमी.

नोंद झाल्यावर आत्यांचं पीएम किसानचं काम केलं. वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. मामांना ते २०१९ पासून मिळत होते, गेल्यावर बंद झाले. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख फार मोलाची. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. नंतर नाव लागलं असेल तर फक्त वारसाहक्काने लागलेलं चालतं. आमचं त्यात बसलं. पण आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ज्यांनी २०२० मध्ये मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घालून एक एकर विकत घेतलं, त्यांचं बसलं नाही. आयुष्यभर मजुरी करून पहिल्यांदा जमीन घेतलेलं कुटुंब ते. त्यांना वाटायचं आपलं फॉर्म भरायचं काहीतरी चुकतंय. त्यांना ही तारीख मी समजावून सांगितली, तरी पुढच्या हप्त्याच्या वेळी ते परत विचारायला आलेच.

मग ठिबक. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर अर्ज, फी २३ रुपये ६० पैसे. सीएससीवाला, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणारा सेवा केंद्रवाला, वरचे आपले घेतो. तेव्हा, म्हणजे २०२२ च्या अखेरीला, सोडत पद्धत होती. अर्ज टाकायचा आणि मोबाईलवर मेसेज येतो का बघत बसायचं. मामांनी त्यांच्या हयातीत टाकलेला अर्ज कधीच लागला नव्हता. आमचा पुढच्या वर्षी लागला. मेसेज आला त्या संध्याकाळी नवऱ्याने कारखान्यातून फोन करून विचारलं, "म्हणजे आता पैसे येणार?" म्हटलं, नाही, आता पैसे घालायचेत.

निवड झाली की कागद चढवायचे. सातबारा, आठ-अ, संमतीपत्र, डीलरचं कोटेशन, शेताचा आराखडा आणि पाण्याचा पुरावा. या शेवटच्या कागदावर आमचं घोडं अडलं. आमच्या गटात विहीर नाही. विहीर चुलत सासऱ्यांच्या गटात, तिच्यात आमची पाळी. तीन दिवस त्यांचं पाणी, दोन दिवस आमचं, अशी मामांच्या वेळेपासूनची वहिवाट. पण ती सातबाऱ्यावर नाही. तिच्यासाठी चुलत सासऱ्यांचं आणखी एक संमतीपत्र करावं लागलं. ते सज्जन आहेत, त्यांनी दिलं. शेताच्या बांधावरून ज्यांचं बोलणं बंद आहे अशी निम्मी भावकी आमच्या गावात आहे. त्यांनी कुठून आणायचं?

आणि ज्यांच्याकडे विहीर नाही, पाळीही नाही, त्यांना तर हा अर्जच नाही. यात कोणाची लबाडी नाही, पाण्याशिवाय ठिबक करणार कशावर? पण म्हणून अनुदान पाण्याच्या मागे मागे जातं. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला अंबड, घनसावंगीकडे जायकवाडीचा डावा कालवा आहे, तिकडे ऊस आहे, मोसंबी आहे, ठिबकही आहे. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाचं काम केलं, शेततळी केली, द्राक्षं लावली, त्यांना पुढच्या प्रत्येक योजनेचा उपयोग झाला. भोकरदन, जाफराबादकडची जी कोरडवाहू गावं आहेत, तिथल्या माणसाला सरकार पाण्याची बचत करायला पैसे देतंय, आणि त्याच्याकडे बचत करायला पाणीच नाही.

पूर्वसंमती आली. आता ठरलेल्या मुदतीत नोंदणीकृत डीलरकडून माल घेऊन, बसवून, जीएसटीचं बिल चढवायचं. पैसे आपण आधी पूर्ण भरायचे, अनुदान नंतर थेट खात्यात. चोरी थांबावी म्हणून ही पद्धत आणली आणि काही अंशी थांबलीही असेल. पण दोन एकरांचं आमचं बिल होतं ८४,००० च्या आसपास. एवढे पैसे रोख कोणाकडे असतात?

इथे डीलर मदतीला येतात. एकाने सांगितलं, "वहिनी, तुम्ही वीस टक्केच भरा, बाकीचं अनुदान आलं की द्या, फक्त कोरा चेक ठेवा." त्याचा माल मी हाताने दाबून पाहिला, नळी चिमटीत चपटी होत होती. दुसरा त्याहून पुढचा. त्याच्याकडे मालच घ्यायचा नव्हता. बिल तो देणार, फोटोपुरत्या नळ्या अंथरून नेणार आणि आलेल्या अनुदानात आमची-त्याची वाटणी. हे तो गुपचूपही सांगत नव्हता, चहा मागवून सांगत होता. त्याच्या यादीतली दोन-तीन नावं त्याने मला विश्वास बसावा म्हणून ऐकवली, त्यातली दोन माझ्या ओळखीची निघाली. त्यांच्या शेतात ठिबक मी कधी पाहिलेलं नाही.

आम्ही तिसऱ्याकडून रोखीने घेतलं. ४०,००० आमच्या बचत गटातून, महिना दोन टक्क्यांनी. नवऱ्याने कारखान्यात उचल घेतली आणि उरलेले तुरीचे होते. फिल्टर, व्हेंच्युरी, सबमेन, लॅटरल सगळं आयएसआयचं. कपाशीच्या लागवडीआधी बसवून झालं. कृषी सहायक मोका तपासणीला आले, मोबाईलमध्ये जागेसकट फोटो काढला, माझा आणि आत्यांचा नळ्यांसोबत उभं करून वेगळा काढला. माणूस चांगला होता. आठ गावं एकट्याकडे होती, दुचाकीचं पेट्रोल खिशातून. जाताना म्हणाला, "ताई, माझ्याकडून काम झालं. पैशाचं मात्र वरून निधी आल्यावर."

निधी सुमारे दीड वर्षाने आला. त्या काळात पोर्टलवर आमचा अर्ज त्याच एका ओळीवर थांबलेला असायचा. चौकशीला गेलं की उत्तर मिळायचं, केंद्राचा हिस्सा आलाय, राज्याचा नाही. कधी उलटं. जमा झाले ते ५६,०००. ८४,००० चे ८० टक्के म्हणजे ६७,००० व्हायला हवेत, पण अनुदान बिलावर निघत नाही. शासनाचा दर हेक्टरी, ओळीतल्या अंतराप्रमाणे ठरलेला मापदंड असतो, त्यावर निघतं. बाजारात पाइप महागला तर तो फरक आपला. शिवाय गटाच्या ४०,००० चं व्याज तोवर १४,००० च्या वर गेलं होतं. ते वजा केलं तर आमच्या पदरात ४२,००० पडले. निम्मे. ज्याच्याकडे ८४,००० बिनव्याजी पडून होते त्याला त्याच योजनेतून माझ्यापेक्षा १४,००० जास्त मिळाले.

ठिबकचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. खत नळीतून जातं, खुरपणी कमी झाली, आमच्या दोन दिवसांच्या पाळीत आता दोन्ही एकर भिजतात. आत्यांना रात्री लाइट आल्यावर पाण्याची दारं धरायला जावं लागत नाही, एवढ्यासाठी सुद्धा मी ते पुन्हा केलं असतं.

पण या दीड वर्षात मी गावातल्या याद्या वाचायला शिकले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची यादी लोक आपलं नाव शोधायला वाचतात, मी पूर्ण वाचते. गावात २२ एकरांचे एक बागायतदार आहेत. त्यांच्या घरातली पाच नावं ठिबकच्या यादीत, पाचही अल्पभूधारक. खातेफोड केली की हे होतं. स्वतः, बायको, दोन मुलं, एक सून. प्रत्येकाला साडेचार एकरांच्या आत. शेत एकच, बांध नाहीत, मोटार एकच, पण कागदावर पाच गरीब शेतकरी. ट्रॅक्टर काकूंच्या, म्हणजे बागायतदारांच्या बायकोच्या नावाने, कारण यांत्रिकीकरणात महिलेला जास्तीचा दर आहे, सव्वा लाखापर्यंत, आणि तेव्हाच्या सोडतीत महिलांचा राखीव हिस्सा होता. यात बेकायदेशीर काहीच नाही. कायद्याने वाटणी करायला मुभा आहे आणि ते स्वतः हे कोणापासून लपवत नाहीत. काकूंना आपल्या नावावरच्या शेताचा गट नंबर माहीत नाही. केवायसीला अंगठा द्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "बाई, हे कशाचं आहे गं?" सांगितलं, तुमच्या ट्रॅक्टरचं. खूप हसल्या. तरी एक आहे, कशासाठी का होईना, साडेचार एकर त्यांच्या नावावर लागले. गावातल्या बऱ्याच बायकांच्या नावावर तेवढंही नाही.

आता अण्णा. आमच्या शेजारचे पाच एकर अण्णा निम्म्या बटईने करतात, मला या गावात येऊन जितकी वर्षं झाली त्याच्याही आधीपासून. जमीन एका गुरुजींची, ते छत्रपती संभाजीनगरला राहतात. गुरुजी सरकारी नोकर म्हणून पीएम किसानमध्ये बसत नाहीत. अतिवृष्टीच्या मदतीला मात्र ती अट नाही, सातबारा ज्याचा पैसे त्याचे. २०२२ च्या पावसात अण्णांचं सोयाबीन उभ्या जागी कुजलं. सरकारने त्या वर्षी जिरायतीला हेक्टरी १३,६०० दिले, तीन हेक्टरपर्यंत. दोन हेक्टरांचे २७,२०० गुरुजींच्या खात्यात आले. पंचनाम्याला चिखलात कोण उभं होतं? अण्णा. ई-पीक पाहणी कोण करतं? अण्णाच, शेतात उभं राहून फोटो काढतात. नोंद गुरुजींच्या नावाने होते.

विम्यात बटईदाराला जागा आहे, नोंदणी केलेला भाडेकरार असेल तर. २०२३ च्या खरिपात विमा एक रुपयात होता, पण करार कोण लिहून देणार? जमीनमालकाला कुळकायद्याची धास्ती आहे. आमच्या मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि कागद दिला की जमीन गेली, ही भीती तेव्हापासून आजोबाकडून नातवाकडे आली आहे. म्हणून बटई तोंडी असते, दर पाडव्याला शब्दाने नवी होते. तिचा एकही कागद नाही, त्यामुळे सरकारच्या हिशेबी अण्णा शेतकरीच नाहीत. त्यांना थेट मिळणारं अनुदान एकच, खताचं, कारण तिथे दुकानात नुसता अंगठा लागतो, सातबारा कोणी मागत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीही सरळ नाही, दुकानदार म्हणतो सोबत हे मायक्रोन्यूट्रियंटचं पाकीट घ्या, नाहीतर युरिया संपलाय. लिंकिंग.

गावाच्या वरच्या अंगाला गायरानावर कसणारी काही घरं आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्याच्याही आधीपासून मराठवाड्यात गायरानाच्या जमिनीची मागणी चालू आहे. काहींच्या नावावर झाली, पुष्कळांची अजून अतिक्रमण म्हणूनच आहे. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, रक्कम चांगली आहे, आधी अडीच लाख होती, २०२४ मध्ये चार लाख झाली. पण नावावर किमान एक एकर पाहिजे. ज्याच्यासाठी योजना काढली त्याच्यात आणि योजनेत पुन्हा तोच सातबारा.

२०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा बाहेर आला. जमीन नसलेल्यांची नावं याद्यांत घुसवली, काहींचं क्षेत्र वाढवून दाखवलं, काहींना दोनदा पैसे टाकले आणि असे कोट्यवधी रुपये उचलले गेल्याचं चौकशीत निघालं. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. मी पेपर वाचून दाखवत होते तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हंजी बिगर जमिनीच्या माणसाला बी भेटतंय की." भेटतंय, फक्त शेत कसणाऱ्या बिगर जमिनीच्या माणसाला भेटत नाही.

आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय. एप्रिल २०२५ पासून त्याच्याशिवाय कृषीच्या योजना नाहीत. गावातल्या बायकांचे क्रमांक काढायला मी सीएससीवर बसत होते, फॉर्म मला पाठ झालाय म्हणून. जमिनीचा तपशील भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अण्णांचा आधार कार्ड धरलेला हात मला मागे करायला लावावा लागला. सोडतही गेली, आता प्रथम येईल त्याला प्राधान्य. सोडतीत निदान नशीब तरी होतं. आता पोर्टल उघडल्या उघडल्या ज्याचा पोरगा घरी लॅपटॉपवर बसलाय तो पहिला. आमच्याकडे रेंजच दुपारनंतर येते.

२०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा पाऊस कोसळला आणि पुन्हा मदत गुरुजींच्या खात्यावर जाणार हे दिसत होतं, तेव्हा मी गुरुजींना फोन केला. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, गुरुजी, नुकसान निम्मं अण्णांचं झालंय, मदतही निम्मी द्या. ते म्हणाले, रास्त आहे. पैसे त्यांनी दिले नाहीत, पण रब्बीला हरभऱ्याचं बियाणं आणि खताच्या दोन गोण्या अण्णांना घेऊन दिल्या. मी भाडेकराराचं विचारलं. अकरा महिन्यांचा तरी नोंदवून करा, विम्याला चालेल. त्यावर ते म्हणाले, "मुलांना विचारून सांगतो." मुलं पुण्याला असतात. पाडव्याच्या आत पुन्हा फोन करायचाय.